घरी नेट आहे का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरते तो पहिला दिवस मला अख्ख्या वर्षात सगळ्यात जास्त आवडतो. यावरून आमच्या स्टाफरूममध्ये माझी यथेच्छ थट्टा होते. बाकीच्यांची तोंडं त्या सकाळी एरंडेल प्यायल्यासारखी असतात आणि मी मात्र गंगापूर रोडवरच्या घरातून अर्धा तास आधीच स्कूटी काढलेली असते. कानाला रुमाल, हातात मोजे. शहर मागे पडून रस्ता धरणाच्या बाजूला वळला की गारठा बाह्यांतून आत शिरतो. द्राक्षाच्या बागांत सकाळीच फवारणी सुरू झालेली असते, तिचा उग्र वास नाकात बसतो. आणि मग गावाच्या अलीकडे, वळणावर, शाळेचा कालवा ऐकू येतो.

या कालव्यानं एके काळी माझं डोकं उठायचं. "गप्प बसा रे, शाळा आहे का भाजीबाजार?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ओरडायचे त्याला गणती नव्हती. आता ओरडत नाही असं नाही. मी काही संत झालेली नाही, आवाजही बसलेला नाही. पण ओरडायच्या आधी घटकाभर दारात उभी राहून ऐकून घेते. हा आवाज गेला होता, आणि परत आला. परत आलेल्या गोष्टीवर लगेच खेकसायचं माझ्या जिवावर येतं.

तो गेला होता त्या दिवसांतली एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. ईश्वरी तिचं नाव. तिसरीत होती. तिची शाळा कायमची सुटता सुटता राहिली, आणि दोष कुणाचा म्हणाल तर माझा. एका शब्दानं मी फसले. आज ती सातवीत आहे, गावातल्याच हायस्कुलात जाते, रस्त्यात दिसली की सायकलवरूनच "ओ बाई!" म्हणून हाक मारते, आणि दर वेळी मला हायसं वाटतं. चार वर्षं झाली तरी ते कमी झालेलं नाही.

महामारीचं दुसरं वर्ष होतं ते. लहान मुलांच्या शाळा बंद होऊन सव्वा वर्ष झालेलं. जूनमध्ये वरून सूचना आली, वर्गाच्या दोन याद्या करा. ज्यांच्या घरी नेट आहे त्यांना रोज फोनवर धडा पाठवायचा. ज्यांच्या घरी नाही त्यांना आठवड्यातून एकदा घरी जाऊन अभ्यासाचे कागद द्यायचे, मागच्या आठवड्याचे तपासायचे. माझ्या वर्गात बत्तीस मुलं. मी वही घेऊन ओट्यापाशी उभी राहिले, एकीकडे वरणाला फोडणी, एकीकडे फोन. "घरी नेट आहे का?" एक खूण. "घरी नेट आहे का?" दुसरी खूण. विसाव्या फोननंतर माझं कान देणं संपलं होतं, नुसतं विचारणं उरलं होतं.

ईश्वरीच्या घरचा फोन तिच्या आजोबांनी घेतला. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. साठी उलटलेली, दम्याचा जुना त्रास, बोलणं मात्र दणदणीत. मागे कसलासा पंप चालू होता.

"आबा, शाळेतून बोलतेय, ईश्वरीची बाई. घरी नेट आहे का?"

"हे ना, बाई! गेल्या सालीच टाकलं."

"अरे वा. चांगलं चालतं ना?"

"लय भारी. वारं सुटलं का जरा तरास देतं, बाकी काय नाय."

"आमच्याकडेही तेच हो. वारा सुटला की गेलंच म्हणून समजा."

"तुमच्याकडं बी हे व्हय? मंग तुमाला काय सांगायचं!"

"चला, म्हणजे ईश्वरीच्या शिक्षणाची काळजी मिटली."

"मिटली, मिटली. तिच्या शिक्षणापुरतं तर त्यातून निघंलच बगा."

एवढं सगळं बोलणं झालं आणि आम्ही दोघांनीही अगदी समाधानानं फोन ठेवले. मी वहीत ईश्वरीच्या नावापुढे 'नेट – होय' लिहिलं. आबांनी तिच्या वडिलांचा नंबर दिला होता, तो वर्गाच्या ग्रुपमध्ये टाकला. ते रोज पहाटे पिकअपमध्ये भाजी भरून मुंबईच्या बाजाराला जायचे, फोन त्यांच्या खिशात, आणि बाजारभावाच्या शंभर मेसेजांमध्ये माझे धडे कुठल्या कुठे गाडले जायचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंबर यादीत दिसत होता, तेवढ्यावर माझं समाधान.

फोनवरच्या शाळेला मी नावं ठेवणार नाही. ठेवायची तर आधी स्वतःलाच ठेवायला हवीत, आणि शिवाय त्या शाळेनं मला काही गोष्टी दाखवल्या त्या वर्गात कधीच दिसल्या नसत्या. एक मुलगा पहिलीत वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. त्यानं आवाज रेकॉर्ड करून अख्खी कविता पाठवली, चालीसकट. मागे त्याची शेळी ओरडत होती, तिलाही न जुमानता. भाकऱ्या थापता थापता आया धडे ऐकायच्या. एकीनं मला विचारलं, "बाई, ते पानी जमिनीखाली कुठवर जातं म्हणाल्या, ते पुन्यांदा सांगता का? पोरासाठी नाय, मला पायजेल." मी तिला पुन्हा पाठवलं, आणखी दोन वाक्यं घालून. एरवी ही बाई शाळेच्या फाटकाच्या आत पाय ठेवायची नाही.

पण एक गोष्ट फोनमध्ये कधी आली नाही. ती म्हणजे मुलांचे पाय. हसू नका. वीस वर्षं शिकवून मी एवढंच शिकले आहे, की तोंड "हो बाई" म्हणतं आणि पाय खरं सांगतात. ज्याला समजलं त्याचे पाय हलतात, झोके घेतात, पुढच्याला लाथा घालतात. ज्याला समजलं नाही तो अंगठ्यानं फरशी उकरत बसतो. मी फळ्याकडून वळले की आधी खाली बघते. कधीमधी फोनवर व्हिडिओ वर्ग घेतला की मला जेमतेम निम्म्या वर्गाचे चौकोन दिसायचे, त्यातले अर्धे नुसत्या छताचे नाही तर पंख्याचे. सगळे "हो बाई" म्हणायचे. मीही खूश, तेही खूश. कुणाचा अंगठा कुठे उकरतोय हे देवालाच ठाऊक.

मंगळवारी मी दुसऱ्या यादीतल्या मुलांकडे जायचे. ईश्वरीच्या मळ्याला लागूनच सोहमचं घर, तो बिननेटवाला. त्याच्या अंगणात खुर्ची टाकून मी त्याचे कागद तपासायचे, नवे द्यायचे. येताना जाताना ईश्वरी हटकून बांधावर उभी दिसायची. पाठीला दप्तर, दोन्ही हातांत पट्टे घट्ट धरलेले. मला वाटायचं, काय हौशी पोर आहे! घरी फोनवर धडा झाला तरी दप्तर उतरवत नाही. मी चालत्या स्कूटीवरून हात करायचे आणि ओरडायचे, "शाब्बास, ईश्वरी!" आणि निघून जायचे. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर मंगळवारी. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

नवरात्र संपलं त्या आठवड्यात आबांनीच मला रस्त्यावर अडवलं. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, चार हात लांब उभे. "बाई, येक डाव आत या. नेट बघून जा. तालुक्याचा कोणता सायेब आजवर इचारत आला नाय, पर तुमी फोन करून इचारलं. तव्हाच ठरीवलं, बाईंना दाखवायचं."

मी म्हटलं, आबा कसलं नेट दाखवताहेत? पण म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड कशाला करा, म्हणून स्कूटी लावली आणि त्यांच्यामागून गेले. सोहमच्या घराकडून बाभळींच्या आड काही दिसायचं नाही. बाभळी ओलांडल्या आणि समोर वीस गुंठ्यांचा हिरवा मांडव. लोखंडी पाइपांवर ताणलेलं हिरवं जाळीचं कापड, वर आणि चारी बाजूंनी. आत ढोबळी मिरचीच्या ओळीच ओळी, प्रत्येक झाड वरून सोडलेल्या दोऱ्याला बांधून उभं केलेलं. ठिबकच्या नळ्यांतून टिपटिप चाललेली. बाहेर कडक ऊन, आत पाऊल टाकलं की सगळं हिरवं आणि गार. माझी साडीही हिरवी, हातही हिरवे.

"आबा," मी म्हटलं, "हे नेट?"

"मंग? दुसरं कोणतं असतं?"

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. वारं सुटलं का तरास देतं! शिक्षणापुरतं त्यातून निघंल! आबाही बिचारे हसायला लागले, का ते न कळताच. आणि हसता हसता माझं लक्ष गेलं, दोन ओळींच्या मध्ये ईश्वरी उभी होती. तिनं मला हसताना पाहिलं, आणि पाठ फिरवली. पाठीवर दप्तर होतंच.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हिच्याकडे नेट नाही. म्हणजे हिला जूनपासून एकही धडा मिळालेला नाही. म्हणजे दर मंगळवारी ही दप्तर घेऊन माझीच वाट बघत उभी राहायची, आणि मी शाब्बास म्हणून पुढे जायचे. मी तिथल्याच एका वाफ्याच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले. आबा घाबरले. "बाई, ऊन लागलं का?" म्हणून पाणी आणायला धावले.

ईश्वरी जवळ यायला तयार नव्हती. मी ओळीच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मी तिला सगळं सांगितलं. माझं नेट आणि आबांचं नेट, दोन याद्या, माझं चुकीचं लिहिणं. ती ऐकून घेत होती. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"मला वाटलं," ती म्हणाली, "ढ पोरांना कागद देत नसतील. सोहम हुशार आहे म्हणून त्याला देतात."

आठ वर्षांचं पोर चार महिने मनात धरून बसलं होतं की आपण ढ आहोत आणि बाईंनी आपलं नाव गाळलं. घरी कुणाला बोललीही नव्हती. आबांना वाटत होतं शाळा बंद आहे तर बंद. मी उठले, पदर खोचला, दोन्ही कान धरले आणि उठाबशा काढायला लागले. अशा शिक्षा आता कुणी देत नाही, देऊही नयेत. पण ही मुलं पहिलीत असताना मी दंगेखोरांना एकदोनदा दिल्या होत्या, आणि ते मुलं विसरत नाहीत. मिरचीच्या झाडांमध्ये, गुडघे कुरकुरत, मी पाच काढल्या आणि धापा टाकत थांबले.

"आम्हाला दहा सांगता," ईश्वरी म्हणाली.

मी दहा काढल्या. आठवीला ती हसायला लागली होती. त्या हसण्यानं छातीवरचा धोंडा उतरला असं मी म्हणेन, पण अर्धाच उतरला. कारण मग मी तिचं पुस्तक उघडलं. साधी अक्षरं, काना, मात्रा, वेलांटी, सगळं बरं होतं. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. 'प्रश्न'चं परशन व्हायचं, 'इच्छा'ची इछा, आणि 'विद्यार्थी'पाशी तर ती पुस्तकच मिटायची. दुसरीचं वर्ष सगळ्यांचंच गोंधळात गेलं होतं, आणि तिसरीचे चार महिने मी घालवले होते. तिनं हळूच विचारलं, "बाई, मी आता पुन्हा पहिलीत का?" मी म्हटलं, मुळीच नाही. पण मला भीती दुसरीच होती. असं मागे पडलेलं पोर लाजेनं शाळेत येणं टाळतं, मग मळ्यात हाताखाली लागतं, मग ते कायमचंच. मुली तर फारच लवकर. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या नेटमध्ये शाळा भरवली. ईश्वरी, सोहम आणि पलीकडच्या दोन मुली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, मध्ये एकेक झाड सोडून बसायचं. जाळीच ती, वारा आरपार खेळायचा, याहून मोकळी जागा मला गावात दुसरी सापडली नसती. मी अक्षरांच्या पट्ट्या करून नेल्या आणि झाडं बांधायच्या दोऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावून अडकवल्या. आबा दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसून मिरच्या निवडायचे आणि लांबून टोमणे मारायचे, "बाई, औंदा दोऱ्याला मिरच्या कमी आन अक्षरं जास्ती लागली!"

महिन्याअखेरीच्या अहवालात एक रकाना होता, 'अध्यापनाचे माध्यम'. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नेट'. कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

जोडाक्षर शिकवायच्या माझ्या जेवढ्या म्हणून युक्त्या होत्या तेवढ्या संपल्या. ईश्वरीला अर्धा 'च' दिसला की ती अडखळायची. शेवटी आबांनाच राहवलं नाही. सगळी हयात त्यांनी द्राक्षाची कलमं बांधण्यात घालवलेली. ते लांबूनच म्हणाले, "ईसू, कलम कसं करतो आपण? खालची काडी अर्धी छाटायची, वरची पुरती ठेवायची, आन दोनी घट बांधायच्या. मंग ती दोन ऱ्हातात का?"

"नाय. येकच होती."

"मंग हे बी कलमच हे. पयलं छाटलं, दुसरं पुरतं. तोंडानं घट बांध."

तिनं पट्टीकडे बघितलं. "इच्-छा," ती म्हणाली. मग एकदम, "इच्छा!" आणि तिचे पाय हलले. स्टुलाएवढ्या उलट्या घातलेल्या क्रेटवर बसली होती, दोन्ही टाचा क्रेटवर वाजायला लागल्या. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघत राहिले. वीस वर्षांत मला कुणाच्या पायांनी एवढा आनंद दिलेला नाही.

आता अंगावर पहिला गारठा आला की मला ती हिरवी दुपार आठवते. मिरचीच्या पानांचा कोवळा वास, मास्कमधून येणारे चार बारीक आवाज, कागदावर पडलेला जाळीचा बारीक बारीक चौकटींचा उजेड. माणसं हल्ली मला विचारतात, घरून शिक्षण बरं की शाळेत? वर्तमानपत्रात तेव्हा रोज यावर मोठमोठे लेख यायचे, दोन्ही बाजूंनी. मी वाचायचे आणि चिडायचे. कारण लेखातल्या मुलांना घर होतं, फोन होता, आणि आबा नव्हते. माझ्यापुरतं मी एवढं सांगते, की मला मूल डोळ्यांसमोर लागतं. मी हुशार बाई नाही. समोर असलेलं मूलसुद्धा मला चार महिने दिसलं नाही, मग फोनमधलं काय दिसणार?

पण हे म्हणणंसुद्धा तेव्हा सोपं नव्हतं. मार्गशीर्ष लागता लागता सूचना आली, लहानांच्या शाळा उघडणार. पालकांचं संमतीपत्र मात्र हवं. मी नाचायचीच बाकी होते. छापील फॉर्म गठ्ठ्यानं घेतले आणि घरोघरी वाटले. एकतीस सह्या होऊन आल्या. ईश्वरीची नाही.

तिच्या आईनं, मंगलनं, मला फोन केला. मंगल कमी बोलणारी. त्या उन्हाळ्यात माहेरी तिचे वडील गेले होते, त्याच आजारात. तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं तिला.

"बाई, पोरगी शाळंतून आजार घिऊन आली तर? आबांना आधीच दमा. त्यांना काय झालं तर मी काय करू?"

"मंगल, पण ईश्वरी आत्ता कुठे वाचायला लागली आहे..."

"शाळा पुन्हा उघडंल, बाई. माणूस पुन्हा येत नाय."

एरवी मी कुणापुढे हार जात नाही, पालकसभेत तर नाहीच नाही. पण तिचं खरं होतं. माझंही खरं होतं. आबा आणि ईश्वरी, एका तव्यावरची भाकरी खाणारी दोन माणसं, यांच्यात कुणाला निवडायचं असं त्या छापील कागदानं त्या घराला विचारलं होतं. मी "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या रात्री मी देवाशी भांडले, उगाचच.

आबांनी काय केलं ते मला नंतर सोहमच्या आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं आपलं अंथरूण, तांब्या, दम्याचा पंप आणि रेडिओ उचलला आणि नेटच्या शेजारी खत ठेवायची खोली होती तिथं राहायला गेला. "घरात पोरांचा लय दंगा, झोप लागत नाय," एवढंच सांगितलं. ते काय समजायचं ते मंगल समजली आणि चुलीपाशी बसून रडली म्हणे. जेवण दाराबाहेर ठेवायचं, बोलायचं ते लांबून. होळी झाली तरी तो तिथंच होता. आता घाई करून सांगून टाकते, आबांना काहीही झालं नाही. आजही दमा आहे, टोमणे आहेत, नेट आहे, सगळं जागच्या जागी आहे. पण त्या वेळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शाळा उघडली ती गारठलेल्या सकाळी. फाटकात हेडसर ताप बघायचं यंत्र घेऊन, मी टेबलावर फॉर्मचा गठ्ठा घेऊन. मुलं आली. केवढाली उंच झाली होती! गणवेश पोटरीच्या वर गेलेले. मास्कमुळे निम्म्यांना मी ओळखेना. एक, दोन, दहा, पंचवीस. मी रस्त्याकडे बघत होते. प्रार्थनेची वेळ झाली. एकतीस मुलं आत गेली, मी तिथंच.

मग ती दिसली. रस्त्याच्या कडेनं, एकटी, घाईनं. हातात कागद, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. डबा पाहिला आणि मला कळलं, मंगलनं पाठवलं आहे. ईश्वरीनं कागद टेबलावर ठेवला. खाली आबांची वेडीवाकडी सही होती. वरची दोन वाक्यं मात्र जशीच्या तशी. 'मी माझ्या पाल्यास शाळेत पाठवू इच्छितो / पाठवू इच्छित नाही. लागू नसेल ते खोडावे.' काहीच खोडलेलं नव्हतं.

"अगं, हे खोडायचं राहिलं."

"आबा म्हणाले, मी सही केली. वाचता आलं तर तूच खोड."

मी तिला पेन दिलं. जवळ उभं राहायची बंदी होती, तरी मी उठून तिच्यामागे उभी राहिले. तिनं ओळीवर बोट ठेवलं. "मी... माझ्या... पाल्यास... शाळेत... पाठवू..." बोट थांबलं. मदत करायची नाही म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले. "इच्... छितो," ती म्हणाली. "इच्छितो." मग दुसरं वाक्यही शेवटपर्यंत वाचलं, एकही अक्षर न गाळता. आणि मग दुसऱ्या वाक्यावर पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ मारली.

मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर ती सोडेना. पुन्हा पहिल्या वाक्याकडे वळली. 'पाठवू' खोडलं, वर लिहिलं 'येऊ'. 'इच्छितो'मधल्या 'तो'चा काना गिरवून गिरवून बुजवला आणि त्याचं 'ते' केलं.

"अगं बाई, हे काय? ते आबांसाठी लिहिलंय."

"पण यायचंय मला ना. आणि मी मुलगी आहे."

मी वाचलं. 'मी माझ्या पाल्यास शाळेत येऊ इच्छिते.' व्याकरणाचा पार बोऱ्या वाजला होता. मला त्याहून शुद्ध वाक्य आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. मास्क ओला होईस्तो माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि या खेपेला मला त्याची लाज वाटली नाही.

हेडसर येऊन उभे राहिले, त्यांनी फॉर्म उचलला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, खाडाखोड चालत नाही. नवा भरून आणायला सांगा."

"सर," मी म्हटलं, "ज्यांनी लिहिलं त्या समोर उभ्या आहेत. तुम्हीच विचारा."

त्यांनी चष्म्यावरून खाली बघितलं. "काय गं, यायचंय का शाळेत?"

"म्हणजे काय," ईश्वरी म्हणाली. "आलेय ना, सर."